नॉर्मल लॉस

तारीख पुढं ढकलायच्या गोळ्या असतात.
आईनं दोनदा घेतल्यात, देवकार्याला.
पाचव्या सेमिस्टरच्या कॉस्टिंगच्या पेपरला घ्याव्यात
हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा.

सव्वाआठची उचगाव गाडी. उभ्यानं.
सुळग्याच्या पुढं रस्ता खणून ठेवलाय,
खड्डा आधी ड्रायव्हरला कळतो, मग माझ्या कमरेला.
हिंडलग्याच्या जेलची भिंत संपता संपत नाही.
शेजारणीच्या पाटीत रताळी, मातीसकट,
तो वास पोटात ढवळत गेला
आणि मी मनातल्या मनात फॉर्म्युले म्हणत राहिलो.

राहिलो. हो.
आमच्याकडं मुलीही असंच बोलतात:
मी येतो, मी जातो, मी लिहितो.
पुण्याची मामेबहीण हसते, तू काय मुलगा आहेस?
पोटाला हे व्याकरण कुणी शिकवलेलं नाही.
ते दर महिन्याला
शुद्ध प्रमाणभाषेत दुखतं.

हॉल सात, खिडकीकडचा तिसरा बाक.
प्रश्नपत्रिका कन्नडात आणि इंग्रजीत.
तिसरी भाषा मी दातांखाली धरून बसलो.
प्रोसेस अकाउंट, पंधरा मार्क:
शंभर किलो माल आत गेला, ब्याण्णव बाहेर आला.
आठ किलो नॉर्मल लॉस.
नॉर्मल म्हणजे होणारच म्हणून धरलेला,
ज्याची वेगळी चौकशी होत नाही,
जो उरलेल्या किलोंनी आपापसात वाटून सोसायचा.
हे वाक्य मी पुस्तकात चारदा अधोरेखित केलं होतं.

सव्वादहाला हात वर केला.
सरांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं,
पहिला अर्धा तास कुणीच बाहेर नाही.
कारण सांगायचं तर पुढं कल्लाप्पा, मागं तौसीफ,
आणि सरांचं कन्नड फार सभ्य.
माझं बाजारातलं:
एष्टु, कम्मी माड्री, मुंद होग्री.
त्यात पोटाच्या खालचा एकही शब्द नाही.

घाम थंड असतो हे तेव्हा कळलं.
बाकावर कुणीतरी कर्कटकानं होडी कोरलीय,
तिच्या शिडात मी अंगठ्याचं नख रुतवलं
आणि तीन ओळी लिहिल्या. परत खोडल्या.

पाण्याचा जग घेऊन निंगव्वा फिरत होती.
माझ्यापाशी थांबली, माझ्या पायांकडं बघितलं,
चपलेत आवळून धरलेली बोटं.
"होट्टी नूस्तैतेनव्वा?"
एवढ्या हळू, की ते विचारणं वाटलंच नाही.
मी मान हलवली.
ती सरांशी काहीतरी भरभर बोलली,
सर एकदम खिडकीबाहेरचं काहीतरी बघायला लागले.
बाथरूमची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत होती.

परत आलो तर बाकावर बाटली.
स्टाफरूमच्या किटलीतलं पाणी, कढत,
बाटली एका अंगानं आत बसलेली.
"कुडीब्याड, इट्को," म्हणाली,
आणि स्वतःच्या ओटीपोटावर हात ठेवून दाखवला.
पंचावन्नची असेल. तिथं अजून आठवण होती.

डाव्या हातानं बाटली, उजव्या हातानं पेन.
पट्टी धरायला हात उरला नाही,
म्हणून खात्याच्या सगळ्या रेषा वाकड्या आल्यात.
तपासणाऱ्याला वाटेल, घाईत काढल्या.
पाचवा प्रश्न राहिला. सहावा अर्धा.
बेरीज मात्र दोन्हीकडची जुळली,
कशी ते विचारू नका.

घरी बाबा पुढच्या सोप्यात होते.
आईनं विचारलं, "कसा गेला?"
"गेला की."
ती आत गेली, गुळाचा काळा चहा घेऊन आली,
पेला दोन्ही हातांनी दिला
आणि गवारी निवडायला बसली.

बाटली निंगव्वाला द्यायची राहिली.
खिडकीत ठेवली तर उभी राहत नाही,
सारखी कलंडते.
परवा इन्कम टॅक्स.
तशीच घेऊन जातो, आडवी,
हॉलतिकिटाच्या शेजारी.